पाठमोरा फोटो

विल्मार आल्पुइनला फोटोंचं वेड होतं आणि ते आमच्या क्लबला फुकटात पडत होतं. आयुष्यभर त्याने मोंटेव्हिडिओच्या बसमध्ये तिकिटं फाडली आणि निवृत्त झाल्यावर गळ्यात कॅमेरा अडकवला. दर शनिवारी आमच्या मैदानावर पोरांच्या फुटबॉलच्या मॅची असतात. मी कँटीनमध्ये तोर्ता, म्हणजे आमच्याकडच्या मैद्याच्या जाड पुऱ्या, तळते आणि तो गोलच्या जाळीमागे मातीत गुडघे टेकून बसलेला असायचा.

"विल्मार, तुझ्या पँटीचे गुडघे बघून लोकांना वाटेल, मोठा भक्त आहेस."

"आहेच की, ग्लादिस. पण माझ्या देवांना नाक पुसायची अक्कल नाही."

त्याला ना बायको, ना पोर. मॅच संपेपर्यंत फोटो क्लबच्या पानावर चढलेले असायचे, खाली पोरांच्या नावांसकट. थंडीने घरात अडकलेल्या आज्या फोनवर नातवंडं बघायच्या आणि त्याला दुवा द्यायच्या. ह्यात काही वाईट असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग मायते आली. मुलांच्या टीममध्ये एकटी मुलगी, तीही गोलकीपर. हातमोजे तिच्या हातांपेक्षा मोठे आणि डावा मोजा कायम घोट्यापाशी गोळा झालेला. तिची आई सिल्वाना पहिल्याच दिवशी माझ्या काउंटरपाशी विल्मारला गाठून म्हणाली, "काका, माझ्या मुलीचा चेहरा कुठे दिसता कामा नये. नावही नको. तिच्या बापाला कोर्टाने लांब ठेवलंय, पण तो शोधतोय आम्हाला."

"बाई, तुम्ही निर्धास्त राहा," विल्मार म्हणाला, आणि त्याने शब्द पाळला. टीमचा फोटो काढताना मायतेला तो आपल्या शेजारी उभं करायचा. ती ओरडायची, "एक, दोन, तीन, हसा रे माकडांनो!" आणि पोरं खरंच हसायची. तिच्यामुळे टीमचे फोटो सुधारले, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

एका शनिवारी तिने पेनल्टी अडवली. आडवी झेप, बॉल बोटांच्या टोकांवर. विल्मार जाळीमागेच होता, त्यामुळे फोटोत फक्त तिची पाठ आली. धावत येऊन त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला. "चेहरा नाही, नाव नाही. हा तर टाकता येईल ना?" माझ्याकडून उत्तर येण्याआधीच तो टाकून मोकळा झाला होता.

चेहरा नव्हता. पण अंगात हिरवा शर्ट होता, त्यावर पिवळा तिरका पट्टा. ह्या शहरात लहान पोरालाही शर्टावरून वस्ती ओळखता येते. वस्ती कळली की मैदान कळतं आणि शनिवार तर सगळ्यांना ठाऊकच. आम्ही त्या रंगांवर जीव टाकतो, म्हणूनच ते आमच्या डोळ्यांना दिसले नाहीत.

पुढच्या शनिवारी मायतेच्या गोलमागे एक माणूस उभा होता. बगलेत थर्मास, हातात माटे चहाचं भांडं, अगदी चारचौघांसारखा. त्याच्यापासून हातभर अंतरावर विल्मार कॅमेरा पुसत बसला होता. मॅच रंगात आली असताना तो माणूस हळूच म्हणाला, "मोजा वर कर. किती वेळा सांगायचं?"

मायते वळली नाही. हललीच नाही. बॉल हळूहळू घरंगळत तिच्या पायाजवळून गोलमध्ये गेला. मैदानभर आरडाओरडा झाला, "अगं, झोपलीस काय!" आणि ती तशीच, हात पुढे धरून उभी. सिल्वाना धावत आली, लेकीला हातमोज्यांसकट उचललं आणि माझ्या कँटीनमधून मागच्या दाराने बाहेर पडली. मी कडी घातली. विल्मार त्या माणसाच्या वाटेत आडवा उभा राहिला होता. त्या माणसाने त्याला हात नाही लावला. नुसता हसला. "तुम्हीच काढता ना फोटो? फार छान काढता. आभारी आहे हं."

सोमवारी त्यांच्या घराला कुलूप होतं. मायलेकी कुठे गेल्या, सुखरूप पोचल्या की त्याने गाठलं, कुणालाच कळलं नाही. न कळणं हे कळण्याहून वाईट, हे मी विल्मारकडे बघून शिकले.

त्याने पान रिकामं केलं. आता तो बूट, बॉल, चिखल असले फोटो काढायचा, आणि अनोळखी माणसाने फोन वर केला की पुढ्यात जाऊन उभा राहायचा. "तुमचं पोर कोणतं?" आईबाप वैतागले. एक बाप माझ्यासमोर म्हणाला, "दुधाने तोंड पोळलं म्हणून म्हातारा आता ताकही फुंकतोय." मी झारा उगारून म्हटलं, "तोंड त्याचं नाही पोळलं रे, त्या पोरीचं पोळलं." बॉल गोलमध्ये गेला की विल्मार अजून दचकायचा. "ग्लादिस, तो 'आभारी आहे' म्हणाला गं," असं मध्येच, तोर्ता खाताखाता, म्हणायचा आणि मग ती तशीच ताटलीत ठेवायचा.

बऱ्याच वर्षांनी आमची पोरं स्पर्धेसाठी आडगावी गेली, आम्ही दोघंही बसने गेलो. तिथे मोठ्या मुलींची मॅच चालली होती. एका गोलकीपरने आडवी झेप घेतली. उठली, हात झटकले. डावा मोजा घोट्यापाशी. मी विल्मारकडे वळले. विल्मारच्या डोळ्याला कॅमेरा लागलेला होता, बोट बटणावर. त्याने तो खाली घेतला, झाकण लावलं आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहिला.

"विल्मार, तीच ना रे?"

"कोण? मी कुणाला पाहिलंच नाही," तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आणि तूही नाहीस पाहिलं."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून घोरत होता. इतक्या वर्षांत मी त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. विल्मार गेला त्यालाही आता काळ लोटला.

ते आडगाव कोणतं, ते मला विचारू नका. मुलीचं नाव मायते नव्हतं. शर्ट हिरवा नव्हता. आणि मोज्याचं म्हणाल, तर ती खूण मोज्याची नव्हतीच.