माशांना ताजं पाणी

आई गेल्यावर बाबा खिडकीकडे पाठ करून बसायला लागले. चिकलठाण्याच्या कारखान्यात उभा जन्म मशीन चालवलेला माणूस, पण आता सगळं बोलणं 'हूं' वर आलेलं. कुणीतरी म्हणालं, घरात मासे ठेवा, जीव रमतो. मी लगेच काचेची टाकी आणली. सबुरी माझ्या रक्तात नाही.

दुकानदारानं बजावलं होतं, आधी माती, झाडं, पाणी आणि फिल्टर, एवढंच. महिनाभर टाकी पिकू द्या, मग मासे. फिल्टरच्या स्पंजात घाण पचवणारे जंतू हळूहळू वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण मासे त्यांच्याच जिवावर जगतात. मी मान डोलावली आणि आठव्या दिवशी सहा मासे घेऊन आलो. बाबांची ती पाठ मला महिनाभर बघवली नसती.

व्हायचं तेच झालं. पाणी ताकासारखं पांढुरकं दिसायला लागलं, झाडांची पानं विरघळायला लागली. तपासणीच्या नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं राहायला हवं, ते हिरवं व्हायचं. हिरवं म्हणजे अमोनिया, म्हणजे विषच. दोन मासे गेले. पण तोवर बाबांनी खुर्ची टाकीकडे वळवली होती.

"आज चारच हायेत," ते म्हणाले. कित्येक दिवसांतलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

मग मी हात धुऊन त्या पाण्याच्या मागं लागलो. सडकी पानं चिमट्यानं वेचायचो. आमच्या शहरात नळाला पाणी येणार आठवड्यानं. ते बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, त्यातल्या ब्लीचिंग पावडरचा वास उडाला की टाकीतलं चार तांबे पाणी बदलायचं, जास्त नाही. दीड महिन्यानं नळीतलं पाणी पिवळं राहिलं. बाबांना दाखवलं तर ते हसले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण त्यांना नुसतं दाखवत राहिलो, समजावून कधी सांगितलं नाही.

आमच्याकडे पाण्याचा दिवस म्हणजे सणच. नळ आला की आई माठ, हंडे, पिंप, सगळं उपडं करून घासायची आणि नवं पाणी भरायची. उरलेलं शिळं पाणी कुंड्यांना. ती गेल्यापासून एकाही पाण्याच्या दिवशी बाबा खुर्चीतून हललेही नव्हते.

असाच एकदा मी कामावर असताना नळ आला. संध्याकाळी घरात शिरलो तर बाबा बाह्या सारून, ओल्या पायजम्यात टाकीपुढं उभे होते. काच लखलखीत, खडे चोळून धुतलेले, स्पंज नळाखाली पिळून कोरा केलेला. टाकी काठोकाठ भरलेली आणि खोलीभर ब्लीचिंग पावडरचा वास. तीन मासे आडवे तरंगत होते. चौथा वर तोंड काढून कसाबसा श्वास घेत होता.

"नवं पाणी दिलं रे त्यांना," बाबा गोंधळून म्हणाले. "तुझी आई शिळं ठेवत नव्हती कधी. आता हे असं का करायलेत?"

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी ओरडलो. "यापुढं या घरात कशालाच हात लावू नका!"

थोड्या वेळात चौथाही गेला. त्याला गाळणीनं काढताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आई गेल्यापासून हा माणूस पहिल्यांदा उठला होता, बादल्या उचलल्या होत्या, आणि मी त्याला पुन्हा खाली बसवलं होतं. मी माफी मागितली. नवे मासे आणतो म्हणालो. बाबांनी 'हूं' केलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.

ते आणखी दोन वर्षं होते. माठ त्यांच्यापासून दोन पावलांवर असायचा. तहान लागली की मला हाक मारून विचारायचे, "हात लावू का रे?" मी घरी नसलो तर तहानलेलेच बसून राहायचे.