इचारबायने खोडायला सांगितलेले वाक्य

नाव : इचारबाय. राहणार : पेण तालुक्यातील खाडीकाठचे गाव. धंदा : मिठागरात मजुरी. साल : एकोणीसशे चौऱ्याण्णव, मार्गशीर्ष. साक्षीदार : तिचा भाऊ दामू, वय चाळीस, जन्मतः मतिमंद व मुका, आणि मी, अर्ज लिहिणारा.

"दामूला इचारते" हे तिचे ठरलेले उत्तर, त्यावरून लोकांनी हे नाव पाडले. चहा घ्यायचा की नाही, हेही ती त्याला विचारी. मी एकदा म्हणालो, "बाय, याला काय कळतंय?"

"मीठ कवा वढायचा ता मुकादमाच्या आधी याला कलतं. तुमाला कलतं काय?"

त्यांची आई वारली आणि रोह्याजवळच्या वरसे येथील चुलतभावाने, दामूच्या वाट्याच्या जमिनीवर डोळा ठेवून, त्याच्या पालकत्वासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज केला. दामूला दूरच्या आश्रमात ठेवणार, असे तो रोह्यात उघड सांगत होता. इचारबाय धावत कोर्टाबाहेरच्या माझ्या टेबलाशी आली. मी तिच्या वतीने अर्ज लिहिला व वाचून दाखवला. "सदर इसमास कसलीही समज नाही" या वाक्याशी ती ताडकन उठली.

"ता खोडा."

असे वाक्य नसल्यास अर्ज टिकत नाही, असा माझा दीर्घ अनुभव. मी "बरं" म्हणालो, पण पक्क्या प्रतीत वाक्य ठेवले आणि वाचताना गाळले. तिने विश्वासाने अंगठा दिला.

सुनावणीत ते वाक्य मोठ्याने वाचले गेले. दामूला ऐकू येत होते. तो बहिणीपासून दूर, बाकाच्या टोकाला सरकला.

"सायेब, अंगठा माजा हाय, पन ह्या बोलना माजा नाय!"

चुलतभावाचा वकील हसला. "म्हणजे समज आहे? मग पालक कशाला?"

तिने मात्र त्याच्याकडे पाहिलेही नाही. "ज्याला कायच कलत नाय, त्याला कंचाबी घर चालंल. याला आपला घर कलतं, सायेब."

न्यायाधीशांनी दामूलाच विचारले, कोणाकडे राहणार? तो खाली मान घालून बसला. मग तो उठला आणि बहिणीला खेटून बसला.

पालकत्व तिला मिळाले. पुढे चार वर्षे ती माझ्या टेबलासमोरून जाई. थांबली एकदाही नाही. गेल्या पावसाळ्यात ती तापाने वारली. चुलतभावाने पुन्हा अर्ज केला आहे. दामू शेजाऱ्यांकडे आहे.

म्हणून आयुष्यात प्रथमच मी स्वतःच्या सहीने अर्ज दाखल केला आहे. त्याचा शेवट येथे उतरवतो :

सबब मे. कोर्टास विनंती की, दामूस समोर बसवून त्याची इच्छा जाणून घेतल्याखेरीज पालक नेमू नये. त्यास समज नाही, हे पूर्वीच्या अर्जातील विधान खोटे असून ते अर्जदार बाईचे नव्हते, माझे होते. तशी साक्ष शपथेवर देण्यास मी तयार आहे. तारीख कळवावी.