पहिल्या तेलाचं काळं पाणी

फाटक उघडतानाच मबरूकाला वास आला. बोरूच्या, उंच पाणगवताच्या, वाफ्यांना एरवी ओल्या मातीचा वास यायचा. आज तो आंबूस, कुजका होता.

सीदी घियास गावाची साठ घरं आणि समुद्र यांच्या मध्ये तिचे चार वाफे. गावाचं सांडपाणी टाकीत निवळून इथे यायचं, बोरूंच्या मुळांतून आणि वाळूतून झिरपत किनाऱ्याला लागायचं. पूर्वी ते थेट चिखलात सुटे. त्यापायी चार वर्षांपूर्वी तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, वेचायला बंदी आली आणि ओहोटीला विळे घेऊन उतरणाऱ्या बाया घरी बसल्या. मबरूका त्यांच्यातलीच. वाफे राखायला एकही पुरुष तयार होईना, म्हणून काम तिच्याकडे आलं.

बंदी उठायला तिसऱ्यांचे लागोपाठ तीन नमुने स्वच्छ यायला हवेत. दोन आले होते. तिसरा बारा दिवसांवर होता.

तिनं शहरातल्या इंजिनिअरला, सुफ्यानला फोन लावला.

"पंप बघा, मावशी."

"पंप ठणठणीत आहे रे. घाण खाणारे जंतू मेलेत."

"असे कसे मरतील?"

"शिकलेला तू, आणि विचारतोस मला?"

टाकीच्या तोंडाशी तिनं ओंजळ भरली. पाणी काळं, बोटांना बुळबुळीत. तिनं हुंगलं आणि मनातच शिवी हासडली. स्वतःला.

ती तडक शाद्लियाकडे गेली; पूर्वी दोघी एकत्रच तिसऱ्या वेचायच्या. शाद्लियाच्या अंगणात ऑलिव्ह चिरडायचा दगडी रूळ होता. हंगामाचं पहिलं तेल गिरणीत काढत नाहीत. बाया घरीच लगदा कोमट पाण्यात मळतात आणि वर आलेलं तेल तळहातानं निपटून घेतात. खाली उरतं ते काळं पाणी.

"आली बघा घाणीची मालकीण! नाक धरा गं," शाद्लिया ओरडली.

"काळं पाणी कुठं ओतता, शाद्लिया?"

"मोरीत. पूर्वी गाढवावरून माळावर न्यावं लागायचं. यंदा मोऱ्याही नळ्यांना जोडल्यात, त्या काय शोभेला?"

"त्यानंच वाफे मरतायत. मीही ओतलं. दोन पराती."

"अगं बाई! मग राखतेस काय, डोंबल?"

"म्हणून तर सांगायला आले. नमुना फसला तर पुढचं वर्षही घरीच बसा, अंगाला तेल चोळत."

शाद्लियानं हात पुसले. "गाढव माझं न्या. पिंप मात्र धुऊन द्यायचं."

त्या दिवसापासून काळं पाणी माळावरच्या झाडांखाली पातळ शिंपडलं जाऊ लागलं. मबरूकानं गावाचं सांडपाणी रिकाम्या राखीव टाकीत वळवलं, वाफे कोरडे पडू दिले, वरची मेणचट साय खरवडून काढली, मग थोडं थोडं पाणी सोडलं. नवव्या दिवशी मातीचा वास परतला.

तिसरा नमुना गेला. आठवड्यानं सुफ्यानचा फोन आला. "मावशी, पास!"

"आकडा सांग."

"मर्यादेच्या निम्म्याहून कमी."

"परत सांग."

त्यानं परत सांगितला.

पुढच्या ओहोटीला बत्तीस बाया चिखलात उतरल्या. आरडाओरडा एवढा की बगळे उडाले. बहुतेकींचे विळे गंजलेले. शाद्लियाचा तर मुठीतच मोडला. मबरूकाचा लखलखत होता.

"नवा घेतलास होय गं?"

"जुनाच आहे. चार वर्षं बोरू कापतेय त्यानं," मबरूका म्हणाली आणि पहिली तिसरी उकरून शाद्लियाच्या टोपलीत टाकली.