काठीवर पडलेलं ऊन

एतेल्विना चापोन्यानचा शहारा एके काळी पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर गाजलेला होता. ऊसमळ्यांच्या गावांतून तंबू ठोकत फिरणाऱ्या नाटक कंपनीत ती झपाटलेल्या मुलीचं काम करायची. आधी डाव्या हाताची बोटं थरथरायची, मग खांदा, मग मान मागे कलंडायची आणि बत्तीच्या उजेडात तिची बुबुळं अशी काही वर जायची, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढत उठायच्या. तुमान गावी एकीने तर तिच्या अंगावर तीर्थाची अख्खी बाटली रिकामी केली होती. निथळत्या अंगाने एतेल्विनाने प्रवेश पुरा केला आणि अशी टाळी घेतली, की तंबूचे दोर हलले. असं ती सांगायची, आणि ज्यांनी तो खेळ पाहिला होता ते माना डोलवायचे.

पुढे कंपनी मोडली. तंबूचं कापड धान्याच्या गोणी झाकायला गेलं. एतेल्विना आपल्या गावी, तुकुमेला परतली आणि शाळेच्या फाटकाशी तळलेल्या केळ्याचे काप विकू लागली. गाव तिच्याशी वाईट वागलं नाही. फक्त तिच्याकडे कुणी बघेना. जिच्यावरून सगळ्या तंबूची नजर हलत नसे, तिच्याकडे आता पोरं पुडी हातात पडेपर्यंतच बघायची.

त्याच सुमारास निकोलासामावशीची नजर अधू व्हायला लागली. मावशी म्हणजे सगळ्या गावाची मावशी. करणी उतरवायची, दृष्ट काढायची, भेदरलेल्या माणसाचा हरवलेला जीव हाका मारून परत आणायची. अंगणात कापड अंथरून त्यावर काठ्या, शंख, दगड, तलवारी, मंत्र म्हणताना हलवायचा खुळखुळा अशी तिची मांडणी लागायची. त्या मांडणीला 'मेसा' म्हणतात आणि तीवरच्या वस्तूंना 'कला'. मावशीला आता आपल्यामागे मेसा लावणारी कुणीतरी हवी होती, आणि अंगणात शिकायला बायका दोनच उरल्या होत्या. एक एतेल्विनाची चुलत बहीण सोराइदा. तिने वर्षानुवर्षं मावशीच्या चुलीवर निवडुंगाचा काढा उकळला होता आणि ओकणाऱ्या रोग्यांची डोकी धरली होती. दुसरी एतेल्विना. ती हल्ली हल्ली यायला लागली होती. बसायची मात्र अगदी पुढे.

"मी कोण ठरवणारी?" मावशी म्हणाली. "कला ठरवतील. चला चिक्लायोला."

चिक्लायोच्या बाजारात जडीबुटीवाल्यांची एक गल्लीच आहे. वाळलेली पानं, सापाच्या कातड्या, फुलांच्या अत्तरपाण्याच्या बाटल्या, आणि दर दुकानात जादूटोण्याचा संत सिप्रियानो याची मूर्ती, हातात पुस्तक घेतलेली. मावशीचं दुकान ठरलेलं होतं, बाउदिलिओशेठचं. एतेल्विनाला पाहताच शेठ हसला.

"या बाई! तुमच्या कला आम्ही तंबूत पाहिल्यात. इथं विकतात त्या जरा वेगळ्या हं."

"तू काठ्या काढ," मावशी म्हणाली. "तोंड नंतर चालव."

नवशिकीने पहिली काठी डोळे मिटून, डाव्या हाताने निवडायची असते. जी बोलेल ती तिची. बोलेल म्हणजे हाताला चटका देईल, गार लागेल, मुंग्या आणेल, काहीतरी कळवील. काळ्या ताडाच्या काठ्या शेठने भिंतीशी रांगेने उभ्या केल्या.

आधी सोराइदा गेली. एकेक काठी धरून ती बराच वेळ उभी राहायची. तिच्या कपाळावर घाम आला. शेवटची काठी ठेवून तिने डोळे उघडले.

"लाकूड आहे, मावशी."

"नीट धर. घाई नको करू."

"धरलं नीट. लाकूडच आहे. मी खोटं कसं सांगू?"

मावशीचा चेहरा उतरला. गेली कित्येक वर्षं तिने मनात सोराइदाच धरून ठेवली होती, हे एतेल्विनाला त्या एका क्षणात दिसलं. आणि तेव्हाच दिसलं, की आपली पाळी आलीय.

तिने डोळे मिटले. पहिली काठी गप्प. दुसरी गप्प. तिसरी मात्र कोमट लागली. खरंच लागली! तिने पापणी किलकिली केली. वरच्या पत्र्याला भोक होतं आणि त्यातून उन्हाचा कवडसा नेमका त्या काठीवर पडला होता.

तिथंच हात काढून घेता आला असता. पण तोवर बोटं थरथरायला लागली होती. तिने थरथरवली म्हणावं, की ती आपणहून थरथरली म्हणावं? मग खांदा हलला. मान मागे गेली. शेजारच्या दुकानातल्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. कुणी "जय मारियामाते!" म्हणालं. कित्येक वर्षांनी एतेल्विनाला तो आवाज ऐकू आला, गर्दीने एकदम श्वास रोखल्याचा.

डोळे उघडले तर मावशी रडत होती. भर बाजारात तिने एतेल्विनाला मिठी मारली. "हीच! बघा रे सगळे, हीच माझ्यामागे मेसा लावणार!"

आणि सोराइदा पुढे आली. तिने पिशवीतून एक पांढरा शंख काढला. पिमेंतेलच्या किनाऱ्यावर तिला तो सापडला होता आणि आपल्या मांडणीसाठी तिने फडक्यात गुंडाळून जपला होता.

"घे, एतेल. मला आता काय करायचाय? तुझ्यापाशी बोलेल तरी." ती हसली. ते हसू खरं होतं, आणि तेच एतेल्विनाला सोसवेना.

पण खरेदी अर्धीच झाली होती. शेठने खुळखुळा पुढे केला. गर्दी बघतेय, आता नुसतं कसं घेणार? एतेल्विनाने उसासा टाकला. तलवारीला पाऊल मागे घेतलं. दगडाला डोळ्यांत पाणी आणलं. अत्तरपाण्याच्या बाटलीपर्यंत येता येता तिच्याजवळचं सगळं संपलं, आणि तिने दुसऱ्या अंकातली किंकाळी पुन्हा वापरली. तिची तिलाच लाज वाटली, पण गर्दीला कुठं दुसरा अंक ठाऊक होता?

तेवढ्यात एक बाई गर्दीतून घुसली आणि तिने एतेल्विनाचा डावा हात धरला. बाई तरुण होती, पायांत प्लॅस्टिकच्या चपला. मागे तिचं बोट धरून एक मुलगी उभी होती.

"बाई, हिच्यावर हात ठेवा. बोलायची थांबलीय. कशाला तरी भ्यायली. दवाखान्यात म्हणतात, काही झालेलं नाही. तुम्ही ठेवा हात, आत्ता तुमच्यात शक्ती आलीय."

मुलगी एतेल्विनाकडे बघत होती, पुढच्या रांगेतली पोरं बघायची तशी. बाईने एतेल्विनाचा हात ओढून मुलीच्या डोक्यावर ठेवला. केस गरम होते, तेल लावून चापून बसवलेले. एतेल्विनाने हात उचलून घेतला.

"नको. मला काही येत नाही."

"असं नका म्हणू, आम्ही बघितलंय!"

"ते नाटक होतं." तिच्या तोंडून शब्द इतका बारीक निघाला, की बाईला ऐकू गेला नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं, आणि या खेपेला सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "नाटक होतं! काठी बोलली नाही. ऊन होतं तिच्यावर."

शेठने पुढे होऊन काठीला हात लावला. वर पत्र्याकडे बघितलं. "तापलीय खरी," तो म्हणाला, आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. "पैसे परत द्या!" कुणी ओरडलं.

हसली नाही ती मावशी. ती अधू डोळ्यांनी एतेल्विनाचा चेहरा शोधत होती.

"मी रडले गं," ती म्हणाली. "या सगळ्यांसमोर रडले."

एतेल्विनाला वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोराइदाने हात पुढे केला. "शंख दे."

"सोरा, मी..."

"शंख दे माझा."

तिने दिला. सोराइदाने तो पुन्हा फडक्यात गुंडाळला, एका हाताने मावशीचा दंड धरला आणि वळून त्या बाईला म्हणाली, "मुलीला घेऊन या आमच्याबरोबर. मावशी बघेल हिला." चौघी गेल्या. एतेल्विना मागे उरली. खुळखुळा, तलवार, दगड, बाटली, सगळं तिने आपल्या हाताने जागेवर ठेवलं. दर वस्तूला शेठ विचारायचा, "ही पण गप्प?" आणि तिला दर वेळी "हो" म्हणावं लागायचं.

मावशी त्यानंतर तिच्याशी बोलली नाही. सोराइदाला तिने स्वतःची जुनी काठी दिली. ती बोलली की नाही, ते गावात कुणी विचारलं नाही. मावशी गेल्यावर तिच्या अंगणात सोराइदाचा मेसा लागायला लागला. एतेल्विना शाळेपुढची केळ्याच्या कापांची पाटी उचलून घरी जाताना त्या कुंपणाशी थांबायची, आत मात्र जायची नाही. एका संध्याकाळी कापड झटकायला सोराइदा बाहेर आली आणि दोघी समोरासमोर आल्या.

"इथं काय उभी? आत ये. माणसं कमीच आहेत आज."

"नको."

"झालं ते झालं, एतेल. किती दिवस तेच?"

"तसं नाही गं." एतेल्विना तिच्याकडे बघत नव्हती. "आत आले, की तू खुळखुळा हलवशील आणि माझ्या अंगात येईल. मी न ठरवता येईल. खरं की खोटं ते मलासुद्धा कळायचं नाही. मग तिथल्या आजारी माणसाला काय कळणार?"

'तसं काही होणार नाही' असं म्हणायला सोराइदाने तोंड उघडलंही. पण खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि आवाज न करता फाटक लावून घेतलं.