थांबा आला की थांबायचं

मायोरी गावच्या सबातीनोने एकतीस वर्षं किनाऱ्याच्या नागमोडी रस्त्यावर बस चालवली. आणि एकतीस वर्षं बायकोला एकच गाजर दाखवलं, "रिटायर झालो की तुला पोझितानोला नेतो. आपण दोघंच." फिलोमेनाही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तो रिटायर झाल्यावर पहिल्याच रविवारी तिने पोझितानोच्या हॉटेलात एक वाजताचं, समुद्राकडचं टेबल सांगून ठेवलं. नवा निळा झगाही शिवला. आज ते जेवण हुकलं तर ती आयुष्यभर त्याला बोलणार होती, आणि तिचं बरोबरच होतं.

त्यांची चिमुकली मोटार निघाली. दर वळणावर सबातीनो बससारखा लांबलचक हॉर्न देई. पहिला बसथांबा आला आणि गाडी आपसूक कडेला लागली.

"थांबलास कशाला?"

"मी कुठे थांबलो?" सबातीनोने विचारलं. बिचाऱ्याला खरंच कळलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारची इम्माकोलाता माशांची बादली घेऊन मागे बसलीसुद्धा. सबातीनो थांबला आणि आपण चढलो नाही, असं तिच्या हातून कधी झालंच नव्हतं. "अमाल्फीला उतरव रे," ती म्हणाली.

मिनोरीच्या थांब्यावर म्हातारे गायतानो मास्तर लिंबांची पेटी घेऊन उभे. "फिलोमेना, तू मागे जा बाई. माझे गुडघे मुडपत नाहीत." फिलोमेना मागे गेली. पेटी तिच्या मांडीवर आली.

"समुद्र दिसतोय ना गं?" सबातीनोने प्रेमाने विचारलं.

"इम्माकोलाताचा अंबाडा दिसतोय."

अमाल्फीला दोघं उतरली, तर तिघं केक घेऊन चढायला पुढे सरसावली. साडेबारा होऊन गेले होते. फिलोमेनाने केकला वाट द्यायला म्हणून दार उघडलं, खाली उतरली आणि समोर उभ्या असलेल्या पोझितानोच्या बसमध्ये जाऊन बसली. डावीकडची खिडकी, समुद्राची बाजू. सबातीनो बघतच राहिला. केकवाले म्हणाले, "चल ना, उशीर होतोय."

सगळ्यांना आपापल्या थांब्यावर उतरवून तो टेबलाशी पोचला तेव्हा पावणेदोन झाले होते. मान खाली, कानाची पाळी लाल. फिलोमेनाचे शिंपले खाऊन संपले होते. ती रागावलेली मात्र नव्हती. तिचे डोळे पाण्याने भरले होते.

"बसमधून केवढा समुद्र दिसतो रे," ती म्हणाली. "रोज जात होतास, पण घरी येऊन एकदाही बोलला नाहीस."

"मी कुठे पाहिलाय?" सबातीनो म्हणाला. "नजर रस्त्यावरच. समोरून ट्रक आला की नाही, एवढंच बघायचो."

फिलोमेनाने हात पुढे केला.

"किल्ली दे. परत जाताना मी चालवते. तू खिडकीशी बसून बघ."

"आणि थांब्यावर लोक उभे असले तर?"

"उभे राहू देत," फिलोमेना म्हणाली.