जॉबरकाकांचा तळहात

जॉबरकाका समोरच्याच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघत, की नवख्या माणसाला वाटावं, आपल्या दाताला मेथी चिकटलीय. आम्हा भिवंडीकरांना त्याचं काही वाटत नसे. कापडाच्या कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खटखटाटात कोण कुणाचं ऐकतो? ओठ बघायचे, हातांनी खुणा करायच्या, असाच कारभार. बिघडलेला लूम दुरुस्त करणारा तो जॉबर. लूम ताळ्यावर आला की काका त्याच्यावर तळहात टेकवायचे आणि मग तोच हात कारागिराकडे आडवा धरून हळूच पुढे सरकवायचे. याचा अर्थ, चालू दे.

या काकांना गाण्याचं भारी वेड. त्या वर्षांत जिकडेतिकडे ऑर्केस्ट्रे निघत होते, तसा यांनीही काढला. वाजवणारे सगळे लूमवरचेच. गाणारी मी एकटी मुलगी. आमचे वडील म्हणजे जमदग्नी. "स्टेजवर आमची पोर? न्हाय!" काका आमच्या उंबऱ्यात ठाण मांडून बसले. "मी नेनार, मीच आनून सोडनार. हिच्या केसाला धक्का लागला तर मला विचारा." वडिलांनी होकार दिला तो काकांना, मला नाही. काका येणार नसतील त्या दिवशी माझं गाणं बंद, हे ठरलेलंच होतं.

आवाजाची बटणं काकांच्याच हातात. स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवायचे, मान हलवायचे आणि आवाज वाढवायचे. आम्हाला ती कला वाटे. वाजवणाऱ्यांच्या कानांना लूमची सवय, त्यामुळे त्यांनाही ते बेताचंच वाटायचं. अंजूरला एका हळदीत मात्र कर्णा अशी शिटी मारायला लागला, की बायकांनी कानांत पदर कोंबले. नवरीचा झुपकेदार मिशांचा मामा स्टेजपाशी येऊन म्हणाला, "पोर काय गाते ते कलत न्हाय, नुसती शिटीच वाजते!" काका त्याच्याकडे बघून प्रसन्न हसले. त्यांना वाटलं, मामा फर्माईश सांगतोय. त्यानंतर आम्हाला बोलावणी यायची थांबली.

मग सुट्टीच्या दिवशी, बंद कारखान्यात, सगळे जमलो. ढोलकीवाले सलीमभाई कल्याणच्या एका माणसाचं नाव घेऊन आले होते. हा गडी वाजवत नाही, गात नाही, फक्त आवाज सांभाळतो. "काका, गुस्सा मत करो," सलीमभाई म्हणाले, "पण एक माईकवाला ठेवायला पाहिजे. लोग भाग रहे हैं."

"परका मानूस आपल्या आवाजाला हात लावनार?" काका उसळले. "मग माझं काय काम हितं?"

निम्मे सलीमभाईंच्या बाजूने, निम्मे काकांच्या. राहिले मी. माझी पुरती कोंडी झाली. माईकवाला नको म्हणावं, तर ऑर्केस्ट्रा बुडणार. हवा म्हणावं, तर काका रुसून घरी बसणार आणि त्यांच्याबरोबर मीही. इकडे आड, तिकडे विहीर. काकांच्या तोंडावर बोलायची तर छातीच होईना. मी खिडकीशी गेले आणि पाठमोरीच म्हणाले, "काका, माईकवाला ठेवूया."

मग मागून काकांचा आवाज आला, "अगं पोरी, बोल की आता. सगली तुझ्यासाठी थांबलीत."

कारखान्यात एकही लूम चालू नव्हता.

मी वळले. सलीमभाईंची मान खाली गेली होती. काकांनी एकेकाचा चेहरा पाहिला, आणि इतकी वर्षं खटखटाटात लपलेली गोष्ट उघडी पडल्याचं त्यांना कळलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "ठेवा माईकवाला," एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत बातमी आमच्या घरी पोचली. "बहिरा मानूस पोरीची काय राखन करनार?" वडील कडाडले. मी समजले, संपलं सगळं. पण काका स्वतःच उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "कान गेलं," ते म्हणाले, "डोलं शाबूत हायेत. हिच्यावरनं हलनार न्हाईत." आणि ते तसेच वागले. कल्याणचा माणूस बटणं सांभाळायचा, काका खोक्यापाशी तळहात टेकवून माझ्या ओठांकडे बघत बसायचे. गाणं संपलं की हात आडवा, पुढे. माझा आवाज मला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला त्या दिवशी मला रडू कोसळलं. ज्या माणसाने तो घराबाहेर काढला, त्याच्यापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता.

पुढे मला गणेशपुरीला दिलं. सासरी गाणंबिणं बंद. चुलीपाशी नुसतं गुणगुणलं तरी सासूबाई खाकरायच्या. वर्षभरात गळा गंजल्यासारखा झाला. एक दिवस एस.टी.तून काका उतरले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "गा."

मी ओटीकडे बोट दाखवलं, मान हलवली.

"मला कुठं आवाज लागतो?" ते हसले.

मी चुलीसमोर बसून ओठ हलवायला लागले. अख्खं गाणं म्हटलं, अंतऱ्यासकट, तोंडातून चकार शब्द न काढता. काका टक लावून बघत होते. संपलं तसा त्यांनी तळहात आडवा धरला आणि हळूच पुढे सरकवला.

ओटीवर सासूबाई तांदूळ निवडतच होत्या.