लवेच्या उलट

शिलाई मशीन न्यायला माणूस सोमवारी दहा वाजता येणार, हे तिला गुरुवारी जेवताना कळलं. तेही तिला कुणी सांगितलं नाही. ताई आपल्या मुलाशी बोलत होती आणि ती समोर बसून ऐकत होती. दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या डोक्यावरून नातेवाइकांशी बोलतात, तसं.

"तिकडे मशीनला जागा कुठाय?" ताई म्हणाली. "मागच्या खोलीत हिची कॉट लावली की खोली संपली."

"पायमशीन घेणारा आजकाल भेटला हेच नशीब," भाचा म्हणाला. त्याची चाळिशी जवळ आली होती, डोक्यावरचे केस मोजता येतील इतके उरले होते, तरी ताईच्या तोंडी तो बाळच. ताई आता बाळच्या गावी, बाळच्या घरी कायमची राहायला निघाली होती. धाकटी बहीण सोबत जाणार हे कुणी ठरवलं नव्हतं. ट्रंका जाणार, गाद्या जाणार, तशी तीही जाणार होती.

"मी येत नाही," ती म्हणाली.

ताईने भात कालवायचा थांबवला. "येत नाही म्हणजे? इथे राहून खाणार काय? चोपन्न वर्षांची झालीस, कधी गॅसपाशी उभी राहिलीस? भात तेवढा येतो तुला, तोही गिचका."

"मासा करीन."

मासा हा शब्द कुठून आला ते तिलाही कळलं नाही. पण तो तोंडातून पडला, आणि पडलेला शब्द उचलून परत गिळण्याचा तिचा स्वभाव नव्हता. म्हणजे होता, गुरुवारपर्यंत.

"रविवारी करते. अख्खा. तुम्ही दोघांनी जेवायचं. पानातला संपवलात तर मशीन इथेच राहील आणि मीही. टाकलात, तर मशीनचे स्क्रू मी माझ्या हाताने काढून देईन."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. "बाळ, लिहून घे रे हे."

या हसण्यामागे अडतीस वर्षं होती. वडील गेले तेव्हा धाकटी सोळा वर्षांची होती आणि मशीनवर बसली. दोन वर्षांनी ताई कडेवर मूल घेऊन कायमची परत आली आणि स्वयंपाकघरात शिरली. घर असं दोन खोल्यांत वाटलं गेलं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत चूल. मधल्या दारात ताईने एक कायदा आखला: धाकटीने मासळीला हात लावायचा नाही. लोकांचे रेशमी कपडे येतात, हाताचा वास कापडाला लागतो, एकदा गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की संपलं. कायदा बरोबरच होता. बरोबर असलेल्या गोष्टींशी भांडता येत नाही, त्यामुळे त्या आयुष्यभर पुरतात.

मासा तिला दिसायचा तो ताटातच. मधले तुकडे बाळला, कारण तो वाढीला लागलेला. डोकं ताईला, कारण करणारी ती. शेपटी धाकटीला. याला कारण काय ते कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. बाळची वाढ कधीच थांबली, आता तर ती आडवी सुरू झाली होती, तरी मधले तुकडे त्याच्याच ताटात पडत राहिले. मासा म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर शेपटी यायची. पुढे त्याला आणखी काही असतं, हे तिला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या घरात किती खोल्या आहेत हे माहीत असावं तसं.

रविवारी सकाळी ती धक्क्यावर गेली. होड्या नुकत्याच लागत होत्या. गमबूट नावाचा एक मासेमार होता. बाराही महिने गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालायचा म्हणून गल्लीने त्याला ते नाव दिलं होतं. त्याच्या जॅकेटची चेन तिने तीनदा बदलून दिली होती.

"टेलरबाई? तुम्ही इकडे?" तो म्हणाला. "ताई आजारी आहे का?"

"ताई ठणठणीत आहे. मला एक मासा दे. आत्ता पकडलेला."

"आत्ताचाच आहे, बघा, अजून तोंड उघडतोय. साफ करून तुकडे करून देतो."

"तुकडे नकोत. साफही नको. जसा आहे तसा दे."

गमबूटने तिच्याकडे नीट बघितलं. "कधी केलाय?"

"नाही."

"मग एक ऐका. पोटात हिरवी पिशवी असते, बोराएवढी. ती फुटली की मासा कडू. बाकी काही चुकलं तरी खाता येतं, ती चुकली तर मांजरही तोंड लावत नाही."

तिने मासा कापडी पिशवीत घातला. अर्ध्या वाटेवर तो पिशवीत एकदा जोरात उसळला आणि तिच्या बरगडीला लागला. ती दचकली, थांबली, मग पिशवी आणखी घट्ट काखेत धरून चालू लागली. शेवटचा हिसका त्याने दिला तो तिला. त्याचं तिला वाईट वाटलं, आणि थोडा मानही वाटला.

घरी ताई स्वयंपाकघरात स्टूल टाकून तयारच बसली होती, सिनेमाला लवकर येऊन बसावं तशी. बाहेरच्या खोलीत बाळ खोक्यांना चिकटपट्ट्या मारत होता. पट्टी फाडल्याचा आवाज आला की दर वेळी तिला कापड फाटल्यासारखं वाटत होतं.

तिने मासा ओट्यावर ठेवला आणि सवयीने गळ्यातली टेप काढून मोजला. सतरा इंच.

"बाही किती ठेवतेस?" ताईने विचारलं.

खवले काढायचे हे तिला ठाऊक होतं. सुरी घेतली आणि डोक्याकडून शेपटीकडे घासायला लागली. हलक्या हाताने, एका दिशेने. सुरी साबणावरून सरकावी तशी सरकत होती. एक खवला निघेना. तिने जोर केला. मासा ओट्यावरून निसटून सिंकमध्ये गेला. तिने तो परत आणला. पुन्हा तेच. हात दुखला, कपाळावर घाम आला. खवले होते तसेच, उलट आणखी चमकायला लागले, जणू तिने त्याला पॉलिश करून दिलं होतं.

ताईचे खांदे हलत होते.

"सांगायचं असेल तर सांग," धाकटी म्हणाली.

"मी कशाला सांगू? पैज तुझी."

तिने सुरी खाली ठेवली आणि नुसता हात फिरवून बघितला. डोळे मिटून, नवं कापड बघावं तसा. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत. शेपटीकडून डोक्याकडे हात नेला तर बोटांना टोचलं. तेव्हा तिला कळलं आपण काय करत होतो. लव! मखमलीला लव असते. हात एका अंगाने फिरवला की ती निजते, दुसऱ्या अंगाने फिरवला की उभी राहते. अडतीस वर्षं तिने मखमल झाडली, ब्रश मारला, इस्त्री केली, ती लवेच्या अंगाने. उलटा हात फिरवायचा नाही, कापड बिघडतं. हे तिला कुणी शिकवलं होतं ते आता आठवतही नव्हतं. ती मासा मखमलीसारखा झाडत बसली होती. आणि तिला वाटलं, मासाच कशाला?

पुढचं तिने मनात येऊ दिलं नाही. सुरी उचलली, शेपटी फडक्याने घट्ट धरली आणि उलटा हात मारला.

खवले उडाले. ओट्यावर, भिंतीवर, तिच्या केसांत. एक जाऊन ताईच्या चष्म्याच्या काचेवर चिकटला.

"अगं ए! हळू!"

"लांब बस."

"डोळ्यात गेला असता!"

"चष्मा आहे ना? म्हणून तर म्हणते, लांब बस."

ताईने स्टूल दोन हात मागे घेतलं. या घरात धाकटीच्या सांगण्यावरून ताईचं स्टूल याआधी कधी हललं नव्हतं. दोघींनाही ते जाणवलं, दोघींनीही ते दाखवलं नाही.

पोट उघडायला ताईने मोठी सुरी पुढे केली. तिने ती घेतली नाही. काजं कापायची छोटी कात्री आणली, उकळत्या पाण्यात बुडवली. हे काम तिचं होतं. दुसऱ्याने घातलेली शिवण आतल्या कापडाला धक्का न लावता उसवायची. कात्रीचं टोक वर ठेवून, पातं जेमतेम आत घालून, ती मागून पुढे कल्ल्यांपर्यंत आली. मासा उसवला. आतलं सगळं जिथल्या तिथे होतं, ओलं, नीटनेटकं, कुणीतरी घाईत घर सोडून गेल्यासारखं. हिरवी पिशवी तिने दोन बोटांनी उचलून घेतली, अखंड. बशीत ठेवली. मग ताईच्या नाकासमोरून ती बशी सावकाश फिरवून नेली.

इतक्या वर्षांत ताईच्या हातून ती पिशवी कितीदा फुटली होती आणि त्या दिवशी सगळ्यांनी आमटी-भात खाल्ला होता, हे दोघींना पाठ होतं.

पण ताईचा दिवस अजून संपला नव्हता. तेल तापलं, मीठ, लसूण, मिरी लावून झाली, आणि मासा पातेल्याशी नेला तर तो मावेना. घरातलं सगळ्यात पसरट पातेलं साडेतेरा इंच. सतरा इंचाचा मासा त्याच्या दोन्ही काठांवरून बाहेर बघत होता. आयुष्यभर अंगावरून माप घेणाऱ्या बाईने कापड मोजलं होतं, ज्याच्या अंगात घालायचं त्याचं माप घ्यायला विसरली होती.

"आता?" ताई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, जिंकणाऱ्याचा होतो तसा. "अगं वेडे, म्हणून तर कापतात. हौस म्हणून कापत नव्हते मी. आण इकडे. डोकं काढते, शेपटी काढते, बसेल व्यवस्थित."

धाकटी माशाकडे बघत उभी राहिली. शेपटी पातेल्याबाहेर लोंबत होती.

"शेपटी काढायची नाही," ती म्हणाली.

"मग काय करणार, पातेलं ताणणार?"

ती बाहेरच्या खोलीत गेली. बाळने रिळांचा डबाही खोक्यात भरून टाकला होता. तिने नुकतीच मारलेली चिकटपट्टी फाडून काढली.

"मावशी, अगं आत्ता बांधलं ते!"

"परत बांधू नकोस."

तिने दोन पांढरी रिळं उचलली, काडी पेटवली आणि दोन्ही धागे ज्योतीत धरले. एक आकसून काळा मणी झाला. दुसरा कागदासारखा जळून राख झाला. राख झाला तो सुती, तेलात वितळणार नाही असा. तो तिने दुहेरी करून दाभणात ओवला. मासा ताजा होता, अंग अजून सैल होतं. तिने त्याला हलक्या हाताने कमान दिली, शेपटी तोंडापर्यंत आणली आणि खालच्या जबड्यातून तीन टाके घातले. आणि गाठ मारली. मासा गोल झाला. पातेल्यात बरोबर बसला, वर शिवणीत सोडतात तशी अर्ध्या इंचाची माया राहिली.

"हे काय ध्यान केलंस?" ताई म्हणाली. पण ती उठून उभी राहिली होती, नीट दिसावं म्हणून.

मासा फार चांगला झाला असं म्हणता येणार नाही. उलटताना एका अंगाची कातडी पातेल्याला चिकटली. मीठ जरा कमी पडलं. कण्याजवळ तो शिजला की नाही हे तिने तीनदा सुई घालून बघितलं, त्यामुळे तिथे भोकं दिसत होती. पण तो अख्खा होता. परातीत मधोमध, स्वतःची शेपटी तोंडात धरलेला. धागा तिने शेवटी, सगळ्यांसमोर कापला.

बाळचा हात सवयीने मधल्या भागाकडे गेला. तिने त्याच्या मनगटावर उलथनं ठेवलं.

"थांब. आज मी वाढते."

"अगं पण मला नेहमी…"

"माहीत आहे. वाढीला लागलायस."

तिने मासा कण्याच्या कडेने, लांबीने सोडवला आणि मधला भाग तिघांना वाढला. बाळ खायला लागला आणि बोलायचा थांबला. आवडल्याची ही त्याची लहानपणापासूनची खूण होती. ताईने एक घास घेतला, तोंडात घोळवला, आणि जिभेवरून एक खवला काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"एक राहिला."

"बाकीचे निघाले ना?"

ताईने आणखी एक घास खाल्ला. मग आणखी. मग परातीकडे बोट दाखवलं. "ती शेपटी दे इकडे."

"शेपटी? तुला?"

"दे म्हणते ना. कशी लागते बघू."

धाकटीने दिली. ताई बराच वेळ शेपटीशी झटापट करत बसली. काटे काढले, चोखले, पुन्हा काढले. हाती काही लागलं नाही.

"यात नुसते काटेच आहेत," ती शेवटी म्हणाली.

"हो."

बाळचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. ताईने ताट पुसून घेतलं, खवल्यासकट बाजूला सारलं आणि हात धुवायला उठली. दारात थांबून, पाठमोरीच, म्हणाली, "मोठं पातेलं घे एक. दर वेळी टाके घालत बसणार आहेस का?"

सोमवारी सकाळी ताई आणि बाळ आठच्या गाडीने गेले. दहा वाजता मशीन न्यायला माणूस आला. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. ती मशीनवर बसून कुणाच्या तरी रेशमी अस्तराला शिवण घालत होती. लिंबाने चारदा धुतलेल्या हातांना वास अजून होता. तो लपवावा असं तिला वाटलं नाही. रेशमाला लागू नये म्हणून पातळ पांढरे कापडी हातमोजे चढवून ती कामाला बसली होती, इतकंच.

"मशीन न्यायला आलोय," तो म्हणाला. "तुमच्या भाच्याशी बोलणं झालंय."

तिने पाय थांबवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याच्या पँटचे पाय टाचेखाली घसटून फाटायला आले होते.

"मशीन मिळणार नाही," ती म्हणाली. "पँट दोन इंच आखूड करायला हवी तुमची. आलाच आहात तर माप देऊन जा."